चित्र इथेच काढा: जपानी ‘ओएकाकी’ फलक म्हणजे नेमके काय?

मार्च २०२५ च्या अखेरीस चॅटजीपीटीमध्ये चित्रे तयार करण्याची नवी सोय आली आणि आठवडाभरात आपल्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचे डीपी बदलले. लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, गडावर काढलेले सेल्फी असे सगळेच जिब्ली या जपानी स्टुडिओच्या धाटणीत रंगून आले. ‘जपानी स्टाइलचं चित्र’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून आपल्याकडे रुळला, आणि ‘फोटो द्यायचा, चित्र घ्यायचं’ असा त्याचा अर्थ होऊन बसला. गंमत अशी, की इंटरनेटवर जपानी लोकांनी चित्रे काढण्याची जी एक जुनी प्रथा सुरू केली, तिचा नियम याच्या बरोबर उलटा होता. तयार चित्र इथे चढवता येणार नाही, चित्र टाकायचे असेल तर ते याच पानावर, याच छोट्या चौकोनात, स्वतःच्या हाताने काढा, असा तो नियम होता. या प्रथेला ओएकाकी म्हणतात. ती काय होती, कशी चालत असे, मध्येच का कोलमडली आणि आज तिच्याकडे पुन्हा लक्ष देण्याजोगे काय आहे, हे या लेखात क्रमाने पाहू.

शब्दापासून सुरुवात

मराठी वाचकाला हा शब्द पहिल्यांदा ऐकताना त्यात ‘एकाकी’ ऐकू येतो. अर्थाशी त्याचा काडीचा संबंध नाही, उलट हा उद्योग चारचौघांत बसून करायचा आहे. ‘ए’ म्हणजे चित्र, ‘काकी’ म्हणजे काढणे, आणि सुरुवातीचा ‘ओ’ हा शब्दाला मऊपणा किंवा आदर देण्यासाठी जपानी भाषेत लावतात तो उपसर्ग. लहान मुलांशी बोलताना असा ‘ओ’ बराच वापरला जातो, त्यामुळे ‘ओएकाकी’ या शब्दाला चित्रकलेचा भारदस्तपणा नाही. ‘चल, रेघोट्या ओढू या’ असे आपण पोराला म्हणतो, त्याच्या जवळ जाणारा हा शब्द आहे.

त्यातले ‘काकी’ ज्या क्रियापदावरून आले, ते ‘काकू’ हे क्रियापद लिहिण्यासाठीही वापरतात आणि चित्र काढण्यासाठीही; कागदावर अक्षरचिन्ह तेवढे बदलते, उच्चार तोच राहतो. आपल्यालाही हे परके वाटण्याचे कारण नाही. संस्कृतातल्या ‘लिख्’ धातूला ओरखडणे, रेघ काढणे, लिहिणे आणि चितारणे असे सगळेच अर्थ आहेत, आणि म्हणूनच उषेच्या स्वप्नातला तरुण ओळखता यावा म्हणून एकामागून एक चेहरे काढून दाखवणाऱ्या तिच्या सखीचे नाव चित्रलेखा आहे.

फलक चालत कसा असे?

२००० सालच्या आगेमागे जपानमध्ये हौशी लोकांची स्वतःची छोटी संकेतस्थळे असत आणि त्यांतल्या अनेकांवर एक बुलेटिन बोर्ड, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने निरोप लिहून जावा असा फलक असे. आपल्याकडे एखाद्या वास्तूला भेट दिल्यावर अभिप्राय वहीत दोन ओळी लिहितात, तसाच हा प्रकार. ओएकाकी फलकाने त्या वहीत लिहिण्याच्या जागी चित्र काढण्याची सोय केली. पान उघडले, की एक कोरा चौकोन समोर येई, बहुतेक ठिकाणी तीनशे पिक्सेल रुंद आणि तितकाच उंच. शेजारी मोजकी हत्यारे असत: पेन, जलरंगासारखा झिरपणारा ब्रश, खोडरबर, रंग पुसट करण्याचे साधन, आणि ‘टोन’, म्हणजे जपानी चित्रकथांमध्ये सावलीसाठी वापरतात तो बारीक ठिपक्यांचा पोत. चित्र काढून झाले, की एक बटण दाबायचे. चित्र थेट फलकावर लागे, त्याखाली नाव आणि चार शब्द लिहायचे, आणि मग दुसरे कोणी तरी येऊन खाली शब्दांत दाद देई किंवा सरळ चित्रानेच उत्तर देई.

या फलकांसाठी सर्वाधिक गाजलेली दोन साधने म्हणजे पेंटबीबीएस आणि शी-पेंटर. दोन्ही जपानीच. पेंटबीबीएसमध्ये लेयर दोनच. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना ज्यांनी ट्रेसिंग पेपर वापरला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. वरच्या कागदावर रेघा आणि खालच्यावर रंग ठेवले, की रंग कितीही सांडला तरी रेघ बिघडत नाही. आजच्या चित्रकारांना पन्नास-पन्नास लेयरची सवय असते, त्यांना दोन म्हणजे शिक्षा वाटेल. मला मात्र या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा निर्णय हाच वाटतो, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

फलकाच्या मालकाला आणखी एक कळ हाताशी दिलेली होती. कोणी पान उघडून दोन फराटे ओढून पाठवू लागला, तर त्याला रोखण्यासाठी ‘किमान इतके सेकंद’ आणि ‘किमान इतके क्लिक’ अशी अट घालता येई. अट पुरी झाली नाही तर चित्र स्वीकारलेच जात नसे. टवाळखोरांना आवर घालण्यासाठी आज मोठमोठ्या कंपन्या जे काही करतात, त्यापुढे हा उपाय अगदीच घरगुती वाटतो. पण ज्या माणसाला घाण करायची आहे, त्याच्याकडूनही आधी थोडी मेहनत घ्यायची, ही कल्पना मला फार आवडली.

ठिपके आणि त्यांचा हिशेब

तीनशे गुणिले तीनशेच का, याचे उत्तर त्या काळातल्या इंटरनेटच्या वेगात आहे. संगणकाच्या पडद्यावरचे चित्र पिक्सेलचे, म्हणजे अतिशय लहान रंगीत चौकोनांचे बनलेले असते. भरतकामातल्या चौकटींसारखे, प्रत्येक घरात एकच रंग. तीनशे बाय तीनशेच्या चित्रात असे ९०,००० चौकोन होतात. प्रत्येकाचा रंग सांगायला तीन बाइट लागतात, म्हणजे हिशेब २,७०,००० बाइटवर जातो. त्या वेळच्या ५६ के मोडेमवर, सगळे सुरळीत चालले तरी, एवढा मजकूर उतरायला जवळपास चाळीस सेकंद लागले असते. प्रत्यक्षात हातांनी काढलेल्या साध्या चित्रात सलग एकाच रंगाचे मोठाले पट्टे असतात, त्यामुळे ‘पुढची दोनशे घरे पांढरी’ अशा पद्धतीने ते दाबून फारच लहान करता येते, आणि चित्र काही सेकंदांत समोर येते. चित्र छोटे आणि रंग मोजके असण्यामागे सौंदर्यदृष्टी नंतर आली, आधी टेलिफोनच्या तारेची ऐपत आली.

याच हिशेबातून या फलकांचे खरे वैशिष्ट्य निघाले. ते समजायला रांगोळीचे उदाहरण घेऊ. पुण्यातल्या आजीला नागपूरच्या नातीपर्यंत एक ठिपक्यांची रांगोळी पोहोचवायची आहे. एक मार्ग म्हणजे रांगोळी काढून तिचा फोटो पाठवणे. दुसरा मार्ग म्हणजे फोनवर सांगणे: ‘नऊ ते पाच ठिपके काढ, मधल्या ओळीतला पहिला ठिपका घे, तो वरच्या दुसऱ्याला जोड, तिथून खाली ये.’ फोटोत रांगोळी दिसते, पण ती कोणत्या क्रमाने काढली हे दिसत नाही. फोनवरच्या सूचनांमध्ये क्रम असतो, आणि त्या सूचना लिहून ठेवायला जागाही थोडीच लागते.

पेंटबीबीएससारखी साधने चित्र तर पाठवतच, पण हवे असेल तर सोबत ही दुसरी गोष्टही पाठवत. पेन कुठे टेकले, कुठून कुठे गेले, कोणता रंग होता, केव्हा खोडले, याची आकड्यांतली नोंद. शंभर बिंदूंची एक रेघ म्हणजे दोनशे आकडे, बस्स. फलकावर चित्राखालच्या दुव्यावर टिचकी मारली, की कोऱ्या चौकोनापासून पूर्ण चित्रापर्यंतचा सगळा प्रवास पुन्हा डोळ्यांसमोर घडे. व्हिडिओ पाठवणे ज्या काळात परवडण्यासारखे नव्हते, त्या काळात हे चालत होते.

एक मांजर, चौदा मिनिटे

हे केवळ वाचून कळत नाही, म्हणून मी स्वतः करून पाहिले. पेंटबीबीएसची आजच्या ब्राउझरवर चालणारी नवी आवृत्ती वापरली, पेन-टॅब्लेट न घेता साधा माऊस घेतला, आणि मांजर काढायचे ठरवले, कारण मांजर कसेही आले तरी मांजरच दिसते, असा माझा समज होता.

माऊसने रेघ काढणे म्हणजे साबणाच्या वडीने लिहिणे. हाताला जी वळणे ठाऊक असतात, ती मनगटातून आणि बोटांतून येतात, आणि माऊस धरल्यावर बोटे बिचारी बेकार होतात. डावा कान तीन वेळा काढला. पहिला टोकदार झाला, दुसरा डोक्यापासून सुटून तरंगू लागला, तिसरा जमला असे वाटले तेव्हा उजव्या कानाशी त्याचे जुळेना. मग ‘डावे-उजवे उलटवा’ हे बटण दाबले आणि आरशात पाहावे तसे चित्र उलटे झाल्यावर लक्षात आले की चूक कानात नाही, डोकेच एका बाजूला कललेले आहे. रंग भरायला खालच्या लेयरवर गेलो आणि दोन मिनिटांनी कळले की मी वरच्याच लेयरवर रंगवत होतो. मिशा सर्वांत शेवटी, एका दमात काढल्या. त्या मात्र पहिल्याच फटक्यात चांगल्या आल्या.

चौदा मिनिटांनी ते पाठवले आणि मग नोंद उघडून पाहिली. पूर्ण झालेल्या चित्रात एक बरे-वाईट नारिंगी मांजर होते. नोंदीत मात्र तरंगणारा कान होता, कललेले डोके होते, चुकीच्या लेयरवर सांडलेला रंग होता, तो पुसतानाची घाई होती. आपल्याच अडखळण्याचे असे चित्रण पाहताना पहिल्यांदा लाज वाटते. दुसऱ्यांदा पाहताना आपण कुठे अडतो ते समजते, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या कोणाची नोंद उघडून ‘हा कुठे अडतो बरे’ हे पाहावेसे वाटते. चित्रकलेच्या वर्गात शिक्षक फळ्यावर रेघ ओढून दाखवतात तेव्हा मुले जे शिकतात, ते हेच. फलकावर ही शिकवणी कोणी न मागता, फुकट, आणि दोन्ही बाजूंनी चालू असे. मोठ्या हाताच्या चित्रकाराचीही सुरुवात वाकड्यातिकड्या गोलानेच होते, हे तिथे लपत नसे.

हे जपानमध्येच का रुजले?

चित्रे काढणाऱ्या हौशी माणसांचे जाळे तिथे इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून होते. हौशी लोकांनी स्वतः छापलेल्या चित्रकथा विकण्यासाठी टोकियोत भरणारा कॉमिकेट हा मेळा डिसेंबर १९७५ पासून चालू आहे. अशा माणसांच्या हाती संकेतस्थळ आले तेव्हा त्यांनी तिथे आधी चित्रेच लावली. त्या संकेतस्थळांचे रीतिरिवाजही मोठे मजेशीर होते. पानावर भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारे मीटर असे, आणि ज्याच्या भेटीला ५,००० किंवा ७,७७७ असा देखणा आकडा पडे, त्याने तसे यजमानाला कळवायचे, मग यजमान त्याच्या फर्माइशीचे चित्र काढून देई. याला ‘किरीबान’ म्हणत.

फलकाचे एक सख्खे भावंडही होते. एकाच कोऱ्या पाटीवर अनेकांनी एकाच वेळी, आपापल्या घरी बसून चित्र काढायचे आणि शेजारी गप्पा मारायच्या. त्याला ‘एचा’ हे लाडके नाव पडले. ‘ए’ म्हणजे चित्र, ‘चा’ म्हणजे चॅटचे लघुरूप, पण लिहिताना लोक गमतीने चहाचे अक्षरचिन्ह वापरीत, कारण जपानीत चहालाही ‘चा’च म्हणतात. आपल्याकडे ‘चा घेणार का?’ असे विचारणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगायची गरज नाही. दोन्ही भाषांमधला ‘चा’ मूळचा चीनमधलाच आहे.

२००० नंतरच्या काही वर्षांत हा प्रकार इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही पोहोचला. फोरचॅन या २००३ साली निघालेल्या आणि इतर कारणांनी बदनाम झालेल्या स्थळावरही ओएकाकीसाठी वेगळा विभाग ठेवला गेला.

मग हे बंद कशाने पडले?

याचे उत्तर तांत्रिक आहे, पण अवघड नाही. त्या काळच्या ब्राउझरला स्वतःहून पडद्यावर रेघ काढता येत नसे. तो मजकूर आणि तयार चित्रे दाखवी, एवढेच. म्हणून पेंटबीबीएससारखी साधने ‘अ‍ॅप्लेट’च्या रूपात असत. अ‍ॅप्लेट म्हणजे जावा भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, जो वेबपानाबरोबर येतो आणि ब्राउझरच्या आत चालतो. सायबर कॅफेत बसून याहूवर बुद्धिबळ खेळलेल्या पिढीने हे पाहिले आहे. पान उघडल्यावर करडा चौकोन आणि कॉफीचा कप दिसायचा, आणि मग बराच वेळ काहीच व्हायचे नाही, तेच ते.

असा पाहुणा प्रोग्रॅम चालवण्यासाठी ब्राउझरला एक जोडभाग लागे, त्याला प्लग-इन म्हणतात. हा जोडभाग म्हणजे वाड्यातल्या भाडेकरूची खोली होती, जिला रस्त्याकडे उघडणारे स्वतःचे दार होते. मालकाने वाड्याच्या दिंडीला कितीही भक्कम कुलूप लावले, तरी भाडेकरूचे दार उघडे राहिले की चोर आत. जावा आणि फ्लॅश या दोन्ही प्लग-इनमधून असे चोर वर्षानुवर्षे येत राहिले, आणि शेवटी घरमालकांनी खोल्याच पाडायच्या ठरवल्या. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची प्लग-इन पूर्ण बंद केली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये तेच केले, आणि खुद्द जावाच्या २०१८ सालच्या अकराव्या आवृत्तीतून ब्राउझरचा हा जोडभाग काढून टाकण्यात आला.

फलकांवरची जुनी चित्रे दिसत राहिली, कारण ती साधी चित्रे होती. पण नवे चित्र काढायचा चौकोन मेला, आणि चित्र कसे घडले ते दाखवणाऱ्या नोंदी म्हणजे एका क्षणात न वाचता येणाऱ्या आकड्यांचे गठ्ठे होऊन बसले. मोडी वाचणारा शेवटचा माणूस गेल्यावर दप्तरातल्या कागदांचे जे होते, तेच झाले.

सगळा दोष प्लग-इनच्या माथी मारणे मात्र बरोबर नाही. सप्टेंबर २००७ मध्ये पिक्सिव्ह हे जपानी चित्रस्थळ सुरू झाले, तिथे तयार चित्र चढवायचे असे, आणि प्रेक्षक अफाट होता. चांगले हात तिकडे गेले. आपल्या छोट्या फलकावर दहा ओळखीची माणसे दाद देणार, की मोठ्या स्थळावर हजार अनोळखी, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांनी जसे दिले असते तसेच दिले. हात कच्चे असणारे पुष्कळ लोक मात्र तिकडे जाऊन गप्प बसले, कारण तिथे शेजारी लागलेले चित्र महिनाभर खपून काढलेले असे.

आता पुन्हा कसे चालू लागले?

ब्राउझरला रेघ काढता येऊ लागली म्हणून. अ‍ॅपलने २००४ साली आपल्या सफारी ब्राउझरमध्ये ‘कॅनव्हास’ नावाचा घटक आणला, पुढे तो सगळ्यांनी स्वीकारला, आणि आता वेबपानावर चित्र काढायला कोणताही भाडेकरू लागत नाही. त्यावर हौशी प्रोग्रॅमरांनी जुनी साधने नव्याने उभी केली. पेंटबीबीएस निओ हे त्यांतले एक. त्याने जुन्या साधनाचे रूप तर जसेच्या तसे ठेवलेच, शिवाय चित्र घडतानाची नोंद ठेवून ती पुन्हा चालवण्याची सोयही केली. चिबीपेंट या जावातल्या साधनाचा असाच नवा अवतार चिकनपेंट नावाने आला. एचासारखे एकत्र बसून काढायचे असेल, तर ड्रॉपाइल हे मुक्त स्रोताचे साधन आहे. फलक आज पूर्वीइतके नाहीत, पण जे आहेत ते जिवंत आहेत.

‘हे तर एमएस पेंटच झाले!’

हत्यारांच्या बाबतीत हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. १९८५ सालच्या पहिल्या विंडोजपासून पेंट आपल्यासोबत आहे, आणि २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते मोडीत काढण्याचे सूतोवाच केले तेव्हा जगभरातून इतकी हळहळ उमटली की कंपनीला लगेच खुलासा करावा लागला. फरक आहे तो चौकोन कुठे ठेवला आहे यात. पेंटमधले चित्र आपल्या संगणकाच्या एखाद्या फोल्डरात पडून राहते. फलकावरचा चौकोन चव्हाट्यावर आहे, तिथे पाठवण्याचे बटण हेच चित्र संपल्याची खूण आहे, आणि सगळ्यांच्या हातात तीच चार हत्यारे आहेत. दोन लेयरचा निर्णय शहाणा होता असे मी वर म्हटले, ते यासाठी. महागडे सॉफ्टवेअर घेणारा आणि माऊस घासणारा यांच्यातले अंतर त्याने पूर्ण मिटवले नाही, पण निम्मे तरी कापले. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये सगळे एकाच बॅटने खेळतात तसे.

‘जपानी शैली म्हणजे मोठ्या डोळ्यांच्या मुलीच ना?’

तशा मुली फलकांवर भरपूर असत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ‘ओएकाकी’ हे चित्राच्या रूपाचे नाव नाही, ते पद्धतीचे नाव आहे. दुपारच्या जेवणाचा डबा, खिडकीतले झाड, शेजाऱ्याचा कुत्रा, कंटाळा आला म्हणून काढलेले ढग, हे सगळे ओएकाकीच. चित्र मोठ्या डोळ्यांचे आहे पण ते दुसरीकडे तयार करून आणले आहे, तर फलकाच्या मूळ अर्थाने ते ओएकाकी होत नाही. दारातली रांगोळी तिथे बसून काढली म्हणून रांगोळी. तीच नक्षी बाजारातून स्टिकर आणून चिकटवली, तर दिसायला तशीच दिसते, पण शेजारीण ‘कधी काढलीस?’ असे विचारत नाही.

‘एआय क्षणात चित्र देतो, मग हा उपद्व्याप कशाला?’

चित्र हवे असेल, तर खरेच कशाला. वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावर टाकायला एखादे मांजर हवे असेल तर माझे नारिंगी मांजर कोणी घेऊ नये. पण फलकावर येणाऱ्याला चित्र हवे असते असे गृहीत धरणे हीच चूक आहे. त्याला काढायचे असते, आणि काढताना कोणी तरी आसपास असावे असे वाटत असते.

चित्रे बनवणारी यंत्रे आल्यापासून हाताने काढणाऱ्यांपुढे एक नवीच पंचाईत उभी राहिली आहे, ती म्हणजे ‘हे तूच काढलेस कशावरून?’ हा प्रश्न. जपानमध्ये हा विषय किती हळवा आहे हे २०२२ च्या अखेरीस दिसले. क्लिप स्टुडिओ पेंट या चित्रकारांमध्ये लोकप्रिय असलेल्या सॉफ्टवेअरच्या जपानी कंपनीने एआय चित्रनिर्मितीची सोय आणण्याची घोषणा केली, आणि वापरकर्त्यांचा विरोध इतका तीव्र होता की काही दिवसांतच ती मागे घेतली. आजची अनेक चित्र-अ‍ॅप काढण्याच्या प्रक्रियेचा वेगवान व्हिडिओ आपोआप नोंदवून ठेवतात, आणि चित्रकार तो चित्रासोबत लावतात. मोडेमच्या काळात हौस म्हणून सुरू झालेली फलकावरची नोंद आता ओळखपत्रासारखी मागितली जाऊ लागली आहे.

‘नोंद आहे म्हणजे पुरावा झाला का?’

नाही. नोंद म्हणजे शेवटी आकडेच, आणि आकडे खोटे रचता येतात. एखाद्या प्रोग्रॅमकडून तयार चित्राच्या रेघा क्रमाने पाठवून ‘हाताने काढल्या’चा देखावा करणे अशक्य नाही. शेजारच्या खिडकीत दुसऱ्याचे चित्र उघडून ते पाहून गिरवणाऱ्याला तर कोणतीच नोंद पकडू शकत नाही, आणि नक्कल ही तक्रार या फलकांवर अगदी सुरुवातीपासून होतीच.

तरीही फलकावर फसवणूक टिकणे अवघड जाते, आणि त्याचे कारण तंत्रात नाही. तिथे मोजकी माणसे रोज येतात. एखाद्याच्या पन्नास नोंदी पाहिल्यावर त्याची रेघ ओळखीची होते: हा आधी डोळे काढतो, ही हात टाळायला सगळ्यांचे हात खिशात घालते, याला निळ्याशिवाय सावली सुचत नाही. एकावन्नावे चित्र वेगळ्याच हाताचे आले, तर लोक विचारतात. गावातल्या किराणा दुकानदाराला उधारीवरची सही ज्या खात्रीने ओळखता येते, तितपतच ही खात्री आहे. न्यायालयात ती टिकणार नाही, दुकानात टिकते.

‘आमच्या मुलांना सुरू करून द्यावे का?’

सार्वजनिक फलकावर थेट सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक फलक प्रौढांसाठीची चित्रेही ठेवतात, नावे टोपणनावे असतात, आणि लहान फलकांवर देखरेख करणारा एकच माणूस असतो, तोही नोकरी सांभाळून. त्यापेक्षा ड्रॉपाइलसारख्या साधनावर सांकेतिक शब्द घालून घरच्यांपुरती पाटी उघडता येते. मुंबईतला आतेभाऊ, दुबईतली मामेबहीण आणि नाशिकचे आजोबा एकाच पाटीवर काढू लागले, की पहिली दहा मिनिटे एकमेकांची चित्रे खोडण्यात जातात, हे मात्र धरून चालावे. टोपणनाव वापरावे, शाळेचे नाव किंवा गणवेश चित्रातही काढू नये.

पेन-टॅब्लेट विकत घेण्याची घाई नको. साध्या अ‍ॅप्लेटला पेनाचा दाब कळतच नसे. माऊसवर काढणाऱ्यांनीच ही प्रथा वाढवली. फोनवर बोटाने काढले तरी चालते, फक्त बोटाच्या आड रेघेचे टोक दिसत नाही, म्हणून चौकोन मोठा करून काढावे.

आणि पाठवायला उशीर करू नये. बहुतेक फलकांवर चित्र आधी सर्व्हरवर पोहोचते आणि नाव-मजकूर नंतर लिहायचा असतो, त्यामुळे मधल्या वेळात वीज गेली तर ‘न लावलेली चित्रे’ अशा पानावर ते सापडण्याची शक्यता असते. पाठवण्याचे बटण दाबण्याआधी वीज गेली, तर बहुधा कान पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो.